पाटीवरची किरकिर

शेजारचे आजोबा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून सँडपेपरनं काहीतरी घासत बसले होते. मे संपत आलेला, दुपारची वेळ, मी टपाल काढायला बाहेर आले होते. जवळ जाऊन पाहिलं तर तळहातात मावेल एवढी गोल पाटी. खरीखुरी, दगडी. आजोबांनी तिच्यावर फुंकर मारली, लाकडी काडी पेनासारखी धरली आणि न उचलता पाटीवर बारीक बारीक गोल काढले. क्यांव, क्यांव, क्यांव. टर्की या कोंबडीसारख्या मोठ्या रानपक्ष्याची मादी हाक मारते ती हीच; शिकारी पाटीवर ती काढून नराला बोलावतात.

नर टर्कीला यात प्रेम ऐकू येत असेल. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पहिलीच्या वर्गात मागच्या बाकावरचा एक मुलगा पेन्सिल मुद्दाम उभी धरून असाच आवाज काढायचा आणि बाई फळ्याकडून वळल्या की पाढे लिहीत असल्याचं सोंग करायचा. पाटी थुंकीनं पुसली तर सरस्वती रागावते, म्हणून डबीत ओला स्पंज. शनिवारी कोळशानं घासून पाटी काळीभोर करायची आणि चिमणीला वारा घालायला सांगत अंगणात धरून उभं राहायचं. आणि पेन्सिली! त्या लिहायला कमी आणि खायला जास्त लागत. ज्यांनी खाल्ल्या त्यांना चव सांगायला नको, ज्यांनी नाही त्यांना सांगून उपयोग नाही. मी आजोबांकडून ती पाटी मागून घेतली आणि चक्क हुंगली. त्यांनी काही विचारलं नाही. पेनसिल्व्हेनियातली जुनी माणसं फारसं विचारत नाहीत.

मी बंदुकीला कधी हात लावलेला नाही. पण आजोबांच्या मागे रानात जाऊन बसायला मला आवडतं, आणि त्यातही टर्कीच्या शिकारीच्या हंगामाची शेपटी आवडते. एप्रिलअखेरीला पहाटेच्या अंधारात धडपडत जाणाऱ्यांची गर्दी असते. इथे पहिले दोन आठवडे दुपारी 12 ला बंदूक खाली ठेवावी लागते. मेच्या मध्यानंतर सूर्यास्तानंतरही अर्धा तास मुभा. तोवर निम्मे हौशी कंटाळून मासे पकडायला गेलेले असतात. आजोबा सावकाश नाश्ता करून नऊ-साडेनऊला निघतात. त्यांचा हिशेब सरळ आहे. पहाटे झाडावरून उतरलेला नर माद्यांच्या घोळक्यात असतो, तो कशाला तुमच्या पाटीकडे येईल? पण मेअखेर बहुतेक माद्या डझनभर अंडी घेऊन अठ्ठावीस दिवसांच्या बैठकीला बसलेल्या. ऊन वर आलं की नर एकटा पडतो, आणि मग कुरणाच्या कडेनं उगाच फेऱ्या मारतो.

तरी तो सहज येत नाही. मुळात टर्कीत रीत अशी की नरानं आरवायचं आणि मादीनं चालत जायचं. शिकारी मागतो ते नेमकं उलट. त्यामुळे पठ्ठ्या साठ-सत्तर पावलांवर रुसलेल्या जावयासारखा अडून बसतो: बोलावलंय ना, मग या की पुढे. त्यात महिनाभर रानातल्या प्रत्येक खोट्या मादीची हाक ऐकून तो शहाणा झालेला. म्हणून या दिवसांत आजोबा नराला भुलवायची प्लॅस्टिकची मादी घरीच ठेवतात आणि पाटीवर अगदी हळू, कुजबुजल्यासारखं दोन-तीनदा घासतात. मग हातानं पाचोळा उकरतात: खर्र, थांबून खर्र-खर्र. चरणाऱ्या मादीच्या पायांचा हाच ताल. त्यानंतर तासभर काही नाही. खांद्यांहून रुंद खोडाला पाठ टेकून नुसतं बसायचं. पानं भरगच्च झालेली असतात, ती आवाज गिळतात, त्यामुळे लांबून आल्यासारखा वाटणारा आवाज बराच जवळचा असतो. शिवाय आता तो बहुधा न आरवताच येतो. नेच्यांमागून एकदम लालनिळं डोकं वर निघतं आणि तुम्ही नेमके त्याच वेळी डास मारत असता.

गप्प बसणं हा माझा प्रांत नाही. मिस्ड कॉल दिसला की पोळी तव्यावर सोडून मी उलटा फोन लावते. तिथे मात्र उत्तर आलं तरी गप्प. उत्तर आलं तर जास्तच गप्प, हे आजोबांचं म्हणणं मला अजून झेपत नाही. त्याला वाटलं पाहिजे म्हणे, की ती निघून गेली. माणसांवर हे चालतं का, असं विचारणार होते, पण आजोबा विधुर आहेत.

एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी बजावली. लाल, पांढरं, निळं काही घालायचं नाही, मोजेसुद्धा नाहीत. नराच्या डोक्याचे रंग तेच. तुम्ही झुडपात दडून मादीचा आवाज काढत असता आणि दुसरा कोणी बंदूक घेऊन त्याच आवाजाच्या दिशेनं दबकत येत असू शकतो. असं टर्कीमागे दबकत जाण्याला इथे कायद्यानं बंदी आहे, हाक मारून बोलावूनच शिकार करायची, तरी लोक येतात. तसा कोणी दिसला तर हलायचं नाही, हात हलवायचा नाही, पाटी तर अजिबात वाजवायची नाही. माणसाच्या आवाजात मोठ्यानं ओरडायचं.

"काय ओरडू?" मी विचारलं.

"काहीही. तुझ्या भाषेत ओरडलीस तरी चालेल."

मला वाटतं, मी "अहो" म्हणेन.