बापूंचा हौद

रविवार, रात्री

काल सकाळी पंप बंद केला आणि हौदाच्या दुसऱ्या पायरीवर बादली ठेवली. बादलीत हौदाचंच पाणी. दोन्हीकडच्या पातळीवर मार्करनं रेघ मारली. आज चोवीस तासांनी मोजलं तर बादलीतलं पाणी ३ मिलिमीटर उतरलेलं, हौदातलं ९. बादलीतलं वाफ होऊन गेलं. हौदातले जादाचे ६ मिलिमीटर मुरले. वीस बाय दहा फुटांच्या हौदात ६ मिलिमीटर म्हणजे दिवसाला ११० लिटर. लातुरात राहून ११० लिटर! चहा घशाखाली उतरेना.

हा पोहायचा हौद घराच्या आत, मागच्या खोलीत. १९८६ साली बापूंनी हौसेनं बांधला. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्याच्या उत्तरेच्या भिंतीला केसाएवढी चीर गेली. बापूंनी ती स्वतःच्या हातानं बुजवली. तेव्हापासून पाणी जरा उतरलं की सगळ्यांचं बोट त्या चिरेकडं.

२०१६ मध्ये मांजरा धरण आटलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधीच आम्ही क्लोरीन टाकणं बंद करून हौद गल्लीला मोकळा केला होता. भांड्याकपड्याला बायका घागरी भरून न्यायच्या. तळ दिसल्यावर दोन वर्षं तो कोरडाच ठेवला, भरायचं मनच होईना. परत भरला तो आईच्या गुडघ्यांसाठी. जमिनीवर ती भिंत धरून दहा पावलं टाकते, छातीएवढ्या पाण्यात अर्धा तास चालते. तेव्हाचा तिचा चेहरा बघितला की साडेपंचवीस हजार लिटरचा हिशोब मी स्वतःला पटवू शकतो. पण गळती नाही पटवू शकत.

बंद खोलीतलं पाणी फार राबवून घेतं. डोळ्यांना झोंबणारा वास आला की लोकांना वाटतं क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा उलटं असतं: घाम-मळाशी मिसळून खर्ची पडलेल्या क्लोरीनचा तो वास. खोलीत हवा खेळली नाही तर तीच वाफ खिडकीचे गज खाते, भिंतीचे पापुद्रे काढते. एक्झॉस्ट फॅन मी रात्रीही चालू ठेवतो. पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणा-खारेपणाचं माप, ७.२ ते ७.६ च्या मध्ये ठेवायचा, आणि बोअरचं क्षाराचं पाणी तो सारखा वर ढकलतं. फिल्टरच्या बॅकवॉशचं, म्हणजे उलटा प्रवाह सोडून तो धुतल्याचं पाणी टाकीत दोन दिवस उघडं ठेवून मग पेरूला घालतो.

दुपारी सिरिंजमध्ये निळी शाई भरून पाण्यात उतरलो. आधी बापूंच्या चिरेपाशी थेंब सोडला. शाई तिथंच तरंगत राहिली, हळूहळू विरली. तीनदा करून बघितलं. मग पाण्यातल्या दिव्याच्या खोबणीपाशी सोडला, तर निळा धागा सरळ ताणला गेला आणि वायरच्या नळीत गडप झाला.

दारातून आई म्हणाली, "चिरीतूनच जायलंय ना पाणी?"

"नाही आई, दिव्यातून. बापूंची चीर पक्की आहे."

ती काही बोलली नाही. खुर्ची ओढून बसून राहिली.

मेन स्विच बंद करून पाण्याखाली धरणारं इपॉक्सी नळीच्या तोंडाशी दाबून भरलंय. बादली परत पायरीवर, नवी रेघ मारून. उद्या सकाळी आईला थांबावं लागेल, पाणी हलवून चालणार नाही. परवा बघू.