वीज आली, पण टनेल उठेना

दूध संकलन केंद्रांवर रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक. त्याला वजनकाटा, फॅट मशीन आणि ४जी डोंगल जोडलेलं, आणि तिथून मुख्यालयापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरचा टनेल, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारी खाजगी वाट. मांडणी जुनी आणि एरवी तक्रार न देणारी. त्या सकाळी एका केंद्रावर ६:१० ला वीज गेली, ६:१५ ला आली. पाय चालू झाला, पण टनेल उठेना. असं आधीही व्हायचं म्हणे. तासाभरात आपोआप जोडलं जायचं, किंवा मुख्यालयातला सर्व्हर रीस्टार्ट केला की लगेच. त्यामुळे सगळ्यांचा संशय सर्व्हरवर.

वायरगार्डला काही पटलं नाही तर ते नकारसुद्धा कळवत नाही, गप्प बसतं. म्हणून आधी सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावून वायरगार्डचा ५१८२० हा यूडीपी पोर्ट पाहिला. केंद्राकडून दर पाचेक सेकंदांनी १४८ बाइटचं पॅकेट येत होतं. म्हणजे डोंगल, मोबाइल कंपनीचा नॅट (पत्ते बदलून देणारी यंत्रणा), फायरवॉल, सगळं ठीक. पण त्याला जायला हवं ते ९२ बाइटचं उत्तर जातच नव्हतं. कर्नलमध्ये वायरगार्ड मोड्यूलचा डीबग चालू केल्यावर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींमध्ये) ओळ आली: ‘इनव्हॅलिड हँडशेक इनिशिएशन’, म्हणजे हँडशेकची, जोडणी सुरू करण्याची, विनंती अमान्य. किल्ली चुकली तरी हीच ओळ येते, पण किल्ल्यांना कोणी हात लावलेला नव्हता.

ऑपरेटरला फोन केला. स्क्रीनवर किती वाजलेत?

“पाच चाळीस, साहेब. भिंतीवर सहा अडतीस आहेत.”

इथेच उलगडा झाला. वायरगार्डच्या प्रत्येक पहिल्या पॅकेटात १२ बाइटचा टाइमस्टँप असतो. सर्व्हर प्रत्येक पीअरचा (इथे केंद्राचा) शेवटचा टाइमस्टँप लक्षात ठेवतो आणि त्याहून जुना आला की टाकून देतो, नाहीतर कोणीही जुनं पॅकेट पकडून पुन्हा पाठवेल. दोन्हीकडची घड्याळं जुळायला हवीत असं मुळीच नाही. पाठवणाऱ्याचं घड्याळ मागे जायला नको, एवढंच.

पाय ४ वर बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. त्याऐवजी फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचं सॉफ्टवेअर तासातून एकदा वेळ फाइलमध्ये लिहितं, आणि चालू होताना तीच वेळ धरली जाते. नीट शटडाउन केलं तर तेव्हाही लिहितं, पण वीज गेली तर कुठलं शटडाउन! डेबियन लिनक्सची तासाची कामं १७ व्या मिनिटाला चालतात, म्हणून चालू होताना पायच्या लेखी ५:१७ वाजले होते. सर्व्हरकडे शेवटचा हँडशेक ६:०८ चा. म्हणजे ५१ मिनिटं थांबल्यावर, खऱ्या ७:०६ ला, टनेल ‘आपोआप’ उठणार. सर्व्हर रीस्टार्ट केला की ही नोंद मेमरीतून पुसली जाते, म्हणून तो उपाय लागू पडायचा.

मग नेटवरून वेळ जुळवणारा क्रोनी घड्याळ दुरुस्त का करत नव्हता? अलाउड आयपीमध्ये (टनेलमधून जाणाऱ्या पत्त्यांच्या यादीत) ०.०.०.०/०, म्हणजे सगळेच पत्ते, होते, त्यामुळे एनटीपीची, म्हणजे वेळ विचारणारी, पॅकेटंही टनेलमध्येच जात होती. टनेलला वेळ हवी, वेळेला टनेल हवा.

तातडीचा इलाज म्हणून सर्व्हरवर तेवढाच पीअर काढून त्याच किल्लीने आणि त्याच अलाउड आयपीने पुन्हा घातला. बाकीची केंद्रं हलली नाहीत. पुढच्या हँडशेकला टनेल उठला.

कायमचा इलाज असा: मुख्यालयाच्या सर्व्हरवर क्रोनी चालवला आणि केंद्रावर त्याचा पत्ता नावाने न देता आयपीने दिला, म्हणजे डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधण्याचा) घोळ नको. त्या एकाच आयपीसाठी डोंगलच्या गेटवेतून स्वतंत्र रूट टाकला. टनेल उभा करणाऱ्या डब्ल्यूजी-क्विकचे नियम मुख्य रूटिंग टेबलमधला नेमका रूट आधी मानतात, त्यामुळे एनटीपी बाहेरून जातं आणि बाकी सगळं टनेलमधून.

डीएस३२३१ या बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाचं मोड्यूल लावणं त्याहून बरं, कारण नेटवर्क येण्याआधीच वेळ बरोबर असते. फक्त स्वस्त मोड्यूलवर चार्जिंगचं सर्किट असतं. त्यात साधा, चार्ज न होणारा सीआर२०३२ सेल घालायचा असेल तर ते आधी तोडा. आणि घड्याळ लावताना वर्ष दोनदा तपासा. चुकून पुढच्या सालाचा एक हँडशेक जरी झाला, तरी वेळ दुरुस्त केल्यावर सर्व्हर त्या केंद्राला दारात उभं करणार नाही, आणि या वेळी तासभर थांबूनही उपयोग नाही; पीअर काढून घालावाच लागतो.