एकटीसाठी छोटी कॅम्परव्हॅन निवडताना

न्यूझीलंडमध्ये काही महिने एकटीनं फिरायचं नक्की झालं, तेव्हा कॅम्परव्हॅनसाठी, म्हणजे जिच्यातच झोपायचं-राहायचं त्या गाडीसाठी, मी पहिली अट घातली ती अशी: अंथरुणातून उठून, एकही दार न उघडता, ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसता आलं पाहिजे. फ्रिज, सोलर, शेगडी हे सगळं नंतर बसवता येतं. गाडीच्या सांगाड्यातच ही वाट नसेल तर ती नंतर काढता येत नाही.

दोघं असले की एक जण उतरून बघतो, दुसरा आत थांबतो. एकट्या बाईचं तसं नाही. रात्री दोन वाजता शेजारी गाडी येऊन थांबली आणि मनाला बरं वाटलं नाही, तर चपला न शोधता चावी फिरवून निघता यायला हवं. तो देश भीतीदायक आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. पण महिनोन्महिने गाडीतच झोपायचं असेल तर झोप निवांत लागली पाहिजे, आणि मला ती या सोयीमुळे लागते. धो धो पाऊस असतो तेव्हाही हीच वाट कामाला येते. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस आपल्या आंबोलीसारखा कोसळतो, आणि पाऊस थांबला की सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावायला हजर.

या अटीमुळे बऱ्याच गाड्या आपोआप बाद झाल्या. मालवाहू टोयोटा हायएसमध्ये पुढे तिघांची सलग सीट असते आणि काहींमध्ये मागे जाळी किंवा पत्रा. शिवाय हायएस काय किंवा माझदा बोंगो काय, इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे तिथे उंचवटा. तरुण मुलं तो ओलांडून जातात. माझे गुडघे पन्नाशीतले आहेत, त्यांना रोज ते करायला लावायचं नव्हतं. राहिली टोयोटा एस्टिमा, २००० नंतरची: इंजिन पुढे बॉनेटखाली, आणि पुढच्या दोन सीटांच्या मधून मागे जाता येतं. मध्ये सामानाचा कप्पा बसवलेला असेल तर तो काढायचा. लांबी पावणेपाच मीटरच्या आसपास, उंची साधारण पावणेदोन मीटर. म्हणजे शहरातल्या पार्किंगमध्ये कमान डोक्याला लागत नाही, आणि वेलिंग्टन ते पिक्टन या दोन बेटांमधल्या फेरीबोटीचं भाडं गाडीच्या लांबीवर ठरतं, तिथेही छोट्या गाडीचा फायदाच.

उंच छताची गाडी घे, उभं राहता येईल, असा सल्ला मला अनेकांनी दिला. मी उलट सांगेन: उभं राहता आलं नाही तरी चालतं, ताठ बसता आलं पाहिजे. पावसात अडकलं की सगळा दिवस बसूनच काढायचा असतो. मी घरी भिंतीला पाठ लावून मांडी घातली आणि जमिनीपासून टाळूपर्यंत मोजलं. माझी उंची पाच फूट तीन इंच, बसल्यावर भरतात ८४ सेंटीमीटर. हा आकडा मनात ठेवून प्रत्येक गाडीत मेजरिंग टेप घेऊन शिरले. बहुतेक तयार गाड्यांमध्ये सामान मावावं म्हणून पलंग ४५ सेंटीमीटर उंच केलेला, त्यावर गादी, आणि वर उरते ती जागा सत्तरच्या घरात. तिथे मान वाकवूनच बसावं लागतं. पलंग ३० वर आणला की सामान कमी मावतं, पण पाठ सरळ राहते. फोटोत हे कधीच कळत नाही. बघायला जाल तेव्हा गादीवर खरंच मांडी घालून दहा मिनिटं बसा, विकणारा काय म्हणेल याचा विचार करू नका.

आता सगळ्यात मोठी अडचण, म्हणजे संडास. न्यूझीलंडमध्ये मोकळ्या जागी गाडीत रात्र काढायची तर बहुतेक ठिकाणी गाडी 'सेल्फ-कंटेन्ड' असावी लागते, म्हणजे संडास, पाणी, सांडपाणी यांची सोय गाडीतच हवी. पूर्वी एक सुटा पोर्टेबल संडास गाडीत ठेवला की तसं प्रमाणपत्र, म्हणजे निळं कार्ड, मिळायचं. २०२३ मध्ये कायदा बदलला. आता हिरवं कार्ड हवं, आणि त्यासाठी संडास गाडीला कायमचा बसवलेला हवा, तोही असा की पलंग अंथरलेला असतानाही वापरता येईल. खासगी गाड्यांच्या निळ्या कार्डांना शेवटची तारीख ठरली ती ७ जून २०२६. शिवाय माणशी तीन दिवसांचं म्हणजे १२ लिटर पाणी, सांडपाण्याची टाकी, सिंक आणि झाकणाचा कचऱ्याचा डबा. नियम मोडला तर दंड ४०० डॉलरपासून पुढे.

छोट्या गाडीत दोघांचा पलंग टाकला की संडासाला जागा उरत नाही, म्हणून आता अशा बऱ्याच गाड्या स्वस्तात विकायला निघतात. एकट्या माणसाला मात्र इथे मोठीच संधी आहे. मला पूर्ण रुंदीचा पलंग लागतच नाही! डाव्या बाजूला ७० सेंटीमीटर रुंदीची गादी, उजवीकडे ड्रायव्हरच्या सीटमागे संडासाचा खोका, त्याच्या मागे सिंक आणि शेगडी. खोक्यावर झाकण टाकलं की तेच बसायचं स्टूल. बसताना डोकं आणि कोपरं कुठे आपटत नाहीत ना, हे हिरव्या कार्डाचा तपासनीस बघतो, म्हणून तिथलीही उंची मोजूनच घ्यायची. स्वस्तातली दोघांची गाडी घेऊन एकीची करून घेणं हा मला सगळ्यात शहाणपणाचा सौदा वाटतो.

डिझेल की पेट्रोल? पंपावर डिझेल स्वस्त दिसतं, पण डिझेल गाडीला रस्त्याचा कर वेगळा भरावा लागतो: हलक्या गाडीला दर हजार किलोमीटरला ७६ डॉलर, आणि तो आधीच विकत घ्यायचा. हिशेब मांडला तर फार फरक राहत नाही. मी पेट्रोल घेतलं.

गाडी तपासताना माझा धाकटा भाऊ व्हिडिओ कॉलवर होता. त्याचं सांगलीला गॅरेज आहे. त्यानं आदल्या दिवशीच बजावलं होतं, "ताई, तू पोचायच्या आधी त्यांनी इंजिन चालू करून ठेवलं असेल तर बघूच नकोस, उद्या येते म्हणून सांग." म्हणून पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवला. थंड. मग त्यानं ऑइलचं झाकण उघडायला लावलं. "आतल्या बाजूला बोट फिरव. सायीसारखं पांढरट काही लागतंय?" तसं लागलं तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता. मग रेडिएटरचं झाकण, तेही इंजिन थंड असतानाच: पाण्याला गंजाचा रंग नको. एस्टिमाच्या या २.४ लिटर इंजिनाला टायमिंग बेल्टऐवजी चेन असते, त्यामुळे बेल्ट बदलायचा खर्च नाही, पण काही ठरावीक वर्षी बनलेल्या इंजिनांना ऑइल पिण्याची सवय असते, म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, दोनदा पुसून बघितली. शेवटी काचेच्या कडा, दारांखालचा पत्रा, चाकांवरच्या कमानी. समुद्राकाठी राहिलेली गाडी इथेच बोलते. एक गाडी बाहेरून चकाचक होती, मागच्या चाकाच्या आत बोट घातलं तर पापुद्रे हातात आले. ती तिथेच सोडली.

एवढं करूनही मी पैसे देण्याआधी स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घेतली. गाडीवर कुणाचं कर्ज आहे का, हेही तिथे ऑनलाइन बघता येतं, तेही जरूर बघा. थर्ड पार्टी विमा तिथे सक्तीचा नाही. तरीही घ्याच, दुसऱ्याच्या महागड्या गाडीला धक्का लागला तर भरपाई आपल्यालाच करावी लागते.

विजेचं थोडक्यात सांगते. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, छतावर एक सोलर पॅनेल, आणि गाडी चालताना बॅटरी चार्ज व्हावी म्हणून डीसी-टू-डीसी चार्जर. तो मात्र वगळू नका, दक्षिणेत हिवाळ्यात सोलरवर भिस्त ठेवता येत नाही. स्वयंपाकाची छोटी डबी-शेगडी घेणार असाल तर लक्षात ठेवा, तिच्या डबीतला ब्यूटेन गॅस शून्य अंशाजवळ वायू व्हायला तयार होत नाही. दक्षिण बेटातल्या लिंडिस पास या घाटाजवळ थंड पहाटे चहा होणार नाही. प्रोपेन मिसळलेला गॅस घ्या, आणि शेगडी पेटली की खिडकी उघडी हवीच.

आणखी एक. या जपानमधून आलेल्या गाड्यांच्या रेडिओला तिथली बरीच स्टेशनं लागत नाहीत, कारण जपानचा एफएम पट्टा ९५ मेगाहर्ट्झच्या आतच संपतो आणि न्यूझीलंडचा १०८ पर्यंत जातो. बँड एक्स्पांडर नावाची लहानशी डबी बसवली की काम होतं. एकटीच्या लांब प्रवासात हवामानाच्या बातम्या आणि माणसाचा आवाज दोन्ही लागतात, म्हणून मी ती लगेच बसवली.

पलंग आणि संडासाच्या खोक्याची मापं, प्लायची जाडी आणि हिरव्या कार्डाच्या तपासणीत काय काय बघितलं, हे पुढच्या पोस्टमध्ये चित्रासह टाकते. त्याआधी कुणी गाडी बघायला जाणार असेल तर बसल्यावरची आपली उंची मोजून खाली लिहा, कोणत्या गाडीत किती उंचीचा पलंग चालेल ते सांगेन.