चारशे वर्षं मुरलेलं व्हिनेगर

'डे ऑफ द टेंटॅकल' आज एकदाचा पूर्ण झाला. लुकासआर्ट्सचा हा गेम १९९३ सालचा. पॉइंट-अँड-क्लिक (माउसने क्लिक करत कोडी सोडवायच्या) गेम्सचा विषय निघाला की कुणी ना कुणी याचं नाव काढायचंच, त्यामुळे नुसत्या ऐकण्यावरून तो ओळखीचा झाला होता. खेळलो मात्र आत्ता, २०१६ ची रीमास्टर्ड, म्हणजे नव्याने सुधारलेली आवृत्ती. सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतोय.

गोष्ट अशी. विषारी सांडपाणी प्यायल्यावर जांभळ्या टेंटॅकलला (चालत्या-बोलत्या सोंडेसारख्या प्राण्याला) हात फुटतात आणि जग जिंकायची हाव सुटते. ते रोखायला तिघं मित्र आदल्या दिवसात जायला निघतात, पण संडासाच्या खोल्यांसारख्या दिसणाऱ्या टाइम मशीनमधला नकली हिरा फुटतो आणि तिघांची ताटातूट होते. बर्नार्ड आजच्या काळात, होगी २०० वर्षं मागे, लव्हर्न २०० वर्षं पुढे. हवेली तीच, काळ तीन. छोट्या वस्तू मात्र फ्लश करून एकमेकांकडे पाठवता येतात.

या एवढ्याशा सोयीवर अख्खा गेम उभा आहे, आणि मी त्याच्या प्रेमात पडलो तो इथेच. होगीला बॅटरी बनवून घ्यायची असते. त्यासाठी तेल, सोनं आणि व्हिनेगर हवं. व्हिनेगर कुठेच नाही. बर्नार्डच्या स्वयंपाकघरात वाईनची बाटली आहे, पण वाईनचं काय करायचं? तिकडे होगीच्या काळात अमेरिकेचा नेता थॉमस जेफरसन भावी पिढ्यांसाठी टाइम कॅप्सूल भरत बसलाय. त्याच्याशी मी आधीच पोटभर गप्पा मारल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भलत्याच कामात असताना लख्ख सुचलं: बाटली मागे पाठवायची, कॅप्सूलमध्ये ठेवायला द्यायची आणि लव्हर्नने ४०० वर्षांनी ती उघडायची. वाईन आंबून व्हिनेगर झालेली असणारच! घरी येऊन करून पाहिलं, आणि झालं. खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या, इतका आनंद झाला.

वॉकथ्रू (सगळ्या कोड्यांची उत्तरं देणारी मार्गदर्शिका) उघडायचा नाही हे आधीच ठरवलं होतं आणि ते पाळलं. असा आनंद दुसऱ्याने उत्तर सांगून मिळत नाही. सुचण्यापूर्वीची ती अडकलेली संध्याकाळ त्याला लागतेच.

अडकलो तरी कधी वैताग आला नाही, कारण गेम दगा देत नाही. यात पात्र मरत नाही. सुरुवातीला एखादी वस्तू घ्यायची राहिली म्हणून शेवटी वाट बंद झाली, असंही होत नाही. त्या काळच्या कितीतरी ॲडव्हेंचर गेम्समध्ये हे सर्रास व्हायचं. गेम-डिझायनर रॉन गिल्बर्टने १९८९ मध्येच एका लेखात याविरुद्ध कळकळीने लिहिलं होतं. इथे दिग्दर्शक डेव्ह ग्रॉसमन आणि टिम शेफर, आणि खेळणाऱ्याबद्दलचा तोच आदर जागोजागी दिसतो. माझ्या मते गेम आजही ताजा वाटतो तो यामुळे. चित्रं सुंदर आहेतच (वाकडे दरवाजे, तिरक्या भिंती, सरळ रेघ शोधूनही सापडत नाही), पण नुसत्या चित्रांवर कुणी इतके तास बसणार नाही.

एका जागी मात्र अमेरिकन दंतकथा ठाऊक असावी लागते. भविष्यात लव्हर्न एका झाडावर अडकलेली असते. होगीने भूतकाळात त्याच झाडाची फळं लाल रंगवायची, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन ते चेरीचं झाड समजून तोडतो, आणि २०० वर्षांनंतर झाडच नसल्यामुळे लव्हर्न खाली येते. छोट्या वॉशिंग्टनने कुऱ्हाडीने चेरीचं झाड तोडल्याची गोष्ट मी लहानपणी वाचली होती म्हणून मला जमलं. ज्याने ती ऐकलेली नाही त्याच्यासाठी हे कोडं जरा अन्यायाचंच.

रीमास्टरमध्ये एक बटण दाबलं की जुनी, ठिपक्याठिपक्यांची चित्रं परत येतात. लव्हर्नचा जवळजवळ सगळा भाग मी तसाच खेळलो. तिचं ते भेलकांडत चालणं मोठ्या पिक्सेलमध्येच जास्त खुलतं.

आणखी एक गंमत राहिलीच आहे. हवेलीतल्या एडच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे, आणि त्यावर याच्या आधीचा १९८७ चा 'मॅनियाक मॅन्शन' अख्खाच्या अख्खा खेळता येतो. गेमच्या आत गेम! त्यात पात्रं मरतात म्हणे, तेव्हा जपून खेळावं लागेल. उद्यापासून तो सुरू करतोय.