वर्षभराची भटकंती आणि तीन रकान्यांची वही

निघण्यापूर्वी मी हिशोब अगदी सोपा मांडला होता. दिवसाला 55 डॉलर गुणिले 365, म्हणजे वर्षाचे वीस हजारांच्या आसपास. आकडा गोल होता, कागदावर शोभूनही दिसत होता. पहिल्या चाळीस दिवसांतच त्याचा फज्जा उडाला. तोही आग्नेय आशियात, जिथे स्वस्ताई म्हणून मी मुद्दाम सुरुवात केली होती!

सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉक, सियाम रीप, हो चि मिन्ह सिटी, हनोई, लुआंग प्रबांग. सात शहरं, सहा देश, आणि रोजची सरासरी 81 डॉलर. लुआंग प्रबांगला मेकाँगच्या काठावर बसून वही उघडली, तर खोली आणि जेवण अंदाजापेक्षाही कमीत भागलेलं. मग पैसे गेले कुठे? विमानांत, विमानतळावरून शहरात येण्यात, व्हिसाच्या फीत, बॅगेच्या जादा वजनात. शिवाय नव्या गावात पहिल्या रात्री दमल्यावर समोर दिसेल ती खोली घेण्यात. टुकटुकवाल्याशी एका डॉलरसाठी दहा मिनिटं हुज्जत घालणारी मी दर पाच-सहा दिवसांनी नवं तिकीट काढत होते. दात कोरून पोट भरायचा प्रकार नुसता.

त्या संध्याकाळी वहीत तीन रकाने आखले: मुक्काम, हालचाल, आणि एकदाच होणारा खर्च. तिसऱ्यात विमा, बूट, लसी आल्या. पीतज्वराची लस घ्यायची तर वेळेत घ्यावी, कारण तिचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो. मात्र 2016 पासून तो आयुष्यभर चालतो, त्यामुळे हा खर्च वर्षाच्या माथी मारणंच अन्यायाचं. परत आल्यावर काम मिळेपर्यंतचे तीन महिन्यांचे पैसेही मी वेगळ्या खात्यात ठेवले होते. ते या वहीत आलेच नाहीत. आले असते, तर खर्च झाले असते.

पुढचा महिना चिआंग माईत एकाच खोलीत काढला. महिन्याचं भाडं ठरवलं की रोजच्या दराच्या मानाने बरंच उतरतं. चौथ्या दिवसापासून कुठे स्वस्त मिळतं ते पायांनाच कळायला लागतं. सरासरी आली 34 वर. देश तोच थायलंड, महिनाभरापूर्वी बँकॉकमध्ये माझा खिसा रिकामा झाला होता तो!

सुरुवातीला ‘राउंड द वर्ल्ड’, म्हणजे एकाच तिकिटात जगाची फेरी, अशा तिकिटाचा मला फार मोह झाला होता. विमानकंपन्यांच्या आघाड्या ते विकतात. एकाच दिशेने जायचं, अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच ओलांडायचे, जास्तीत जास्त 16 उड्डाणं, मुदत एक वर्ष. लांबचे टप्पे पुष्कळ असतील तर ते परवडतंही. माझ्यासारखीने घेतलं असतं, तर वर्षभराची धावपळ आगाऊ विकत घेतल्यासारखंच झालं असतं.

युरोपात खरी कसरत पैशांपेक्षा दिवसांची. शेंगेन देशांत, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, आणि व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. त्यातले अठरा दिवस मी नॉर्वेला दिले. “महिन्याचे पैसे आठवड्यात संपतील,” असं सगळ्यांनी बजावलं होतं. पण तिथे लागवडीखाली नसलेल्या मोकळ्या रानात तंबू ठोकायचा हक्क सगळ्यांना आहे आणि 1957 च्या कायद्याने तो मान्य केलेला आहे. घरांपासून 150 मीटर दूर राहायचं आणि एका जागी दोन रात्रींहून जास्त थांबायचं असेल तर मालकाला विचारायचं, एवढं पाळलं की झालं. सोग्नेफ्योर्ड या समुद्राच्या लांब खाडीच्या आसपास मी स्वतः रांधून खाल्लं, फेरीबोटीने हिंडले, सरासरी 52 पडली. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. माझं अंथरूण अठरापैकी अकरा रात्री ओलं होतं, ही गोष्ट अलाहिदा.

नव्वद दिवस संपताच सारायेवो गाठलं आणि पुन्हा महिन्याची खोली घेतली. बोस्निया शेंगेनमध्ये नाही.

एक चूक मात्र मी दोनदा केली. एटीएम अदबीने विचारतं, रक्कम तुमच्या देशाच्या चलनात कापू का? आपलं चलन ओळखीचं वाटतं, म्हणून बोट ‘हो’वर जातं. मग दर ठरवतो मशीन चालवणारा, आणि तो स्वतःचं भलं पाहूनच ठरवतो. दुसऱ्यांदा फसले तेव्हा वहीच्या मुखपृष्ठावर लाल शाईने लिहिलं: ‘स्थानिक चलन!’

शेवटच्या महिन्यात इक्वेडोरला पोचले तेव्हा हिशोबाप्रमाणे हातात बाराशे डॉलर जास्तीचे होते. तिथल्या गालापागोस बेटांचा विचार वर्षभर मनात होता. त्या बेटांचं प्रवेशशुल्क 1 ऑगस्ट 2024 पासून बहुतेक परदेशी प्रवाशांना 100 वरून 200 डॉलर झालंय. वर विमान, बोटी, वाटाड्या. तीन दिवस मी आकडेमोड करत बसले. काटकसरीची सवय इतकी अंगात मुरली होती, की शेवटी किनाऱ्यावरच्या पुएर्तो लोपेसहून दिवसभराच्या बोटीने इस्ला दे ला प्लाता या बेटावर गेले. निळ्या पायांचे बूबी पक्षी तिथेही आहेत, वाटेतच बसून राहतात, आपणच वळसा घालून जायचं. येताना बोटीपासून हाकेच्या अंतरावर कुबड्या देवमाशाने पाण्याबाहेर उडी घेतली.

वही मिटली तेव्हा नऊशे डॉलर उरले होते. गालापागोसला मी जायला हवं होतं, हे मला परतीच्या विमानात कळलं.