साठ की आठ

जुलैमधला शनिवार होता. शनिवार म्हणजे आमच्या बेळगावात बाजाराचा दिवस, आणि जुलै म्हणजे पाऊस. बाजाराला आलेली माणसं निवाऱ्याला दुकानात शिरत, चार केबली हातात घेऊन बघत आणि उघडीप पडली की निघून जात. खडेबाजारातल्या या हेडफोन-केबलींच्या काउंटरला मला १९ वर्षं झाली. अशा दिवशी फार धंदा होत नाही, हे ठाऊक असतं.

दुपारी दोनच्या सुमाराला येळ्ळूरची तिघं आली. आजोबा, कॉलेजातली नात आणि दहावीतला नातू. तिघांत मिळून एक छत्री. नातवानं आल्या आल्या फोन पुढे केला.

"काका, हे हाय काय तुमच्याकडं?"

लाल-निळे दिवे लुकलुकणारा, मोठ्या कानाचा ब्लूटूथ हेडफोन. किंमत २,८०० रुपये.

"मम्मीनं भिशीतले तीन हजार दिलेत. तिघांत एकच घ्यायचा. मला गेमला, अक्काला गाण्याला आणि आबांना टीव्हीला."

घर दोन खोल्यांचं. आबा टीव्ही लावतात तेव्हा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. त्याच वेळी नात तानपुरा लावून रियाजाला बसते आणि नातू मित्रांशी ओरडत गेम खेळतो. शेजारी दोनदा येऊन बोलून गेले होते. त्यामुळे आईनं भिशी लागल्यावर आधी हा खर्च काढला. माझ्या दृष्टीनं त्या तीन हजारांचं वजन मोठं होतं. दिवे बघून ते उडवू द्यायचे नव्हते.

गिऱ्हाईक बहुतेक वेळा कंपनी विचारतं, नाहीतर किती रुपयांपर्यंत आहे ते. मी आधी विचारतो, पिन कुठं लावणार? नातवाच्या फोनला गोल भोक नव्हतं, नुसतं टाइप-सी. नातीच्या जुन्या फोनला साडेतीन मिलिमीटरचं भोक होतं. टीव्हीच्या पाठीमागचा फोटो नातवानं आईकडून मागवून घेतला. कोपऱ्यात हेडफोनचं चिन्ह असलेलं भोक दिसलं, तिथंच माझं निम्मं काम झालं. टीव्हीत ब्लूटूथ नव्हतं. ते वेगळं यंत्र लावून आणावं लागलं असतं, म्हणजे आणखी सात-आठशे रुपये.

नातवाला समजवायला मात्र वेळ लागला.

"खरं काका, ह्यात सेवन पॉइंट वन हाय." (आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.)

७.१ म्हणजे मुळात खोलीत सात स्पीकर आणि एक घुमणारा डबा. हेडफोनात एका कानाला एक असे दोनच पडदे. बाकीचं सगळं सॉफ्टवेअर करतं, आणि त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चालणारं होतं. पाऊल डावीकडून आलं की उजवीकडून, हे कळायला चांगले दोन कान पुरतात. ते त्याला पटेना. मग मी दुकानातला तसाच एक संच त्याच्या फोनला जोडला आणि म्हटलं, गेम उघड, सरावाच्या मैदानात जा आणि एकेक गोळी मार.

त्यानं मारली. बोट पडलं, नळीच्या तोंडाला जाळ दिसला आणि मग आवाज आला. दुसऱ्यांदा तसंच, तिसऱ्यांदाही तसंच. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज गुंडाळून, हवेतून पाठवून पुन्हा उलगडेपर्यंत १५० ते २५० मिलिसेकंद जातात, म्हणजे जास्तीत जास्त पाव सेकंद. गाणं ऐकताना ते कळतही नाही, कारण गाण्यासोबत बघायचं काही नसतं. गेमिंग मोडमध्ये हा उशीर कमी होतो, जात नाही. नंतर त्याला माइक चालू करून मित्राला फोन लावायला सांगितला. माइक चालू झाला तसा कानातला आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा झाला. बऱ्याच ब्लूटूथ संचांत माइक सुरू झाला की जोडणी टेलिफोनच्या पद्धतीवर जाते, त्यामुळे गेमचाही आवाज पातळ होतो. पोरगा गप्प झाला. टाइप-सी पिनेचा, माइकचा, वायरवाला इअरफोन ५५० रुपयांना त्यानं स्वतःच निवडला. खेळताना चार्जिंग लावता येणार नाही, हेही त्याला सांगितलं. साठ रुपयांचा कन्व्हर्टर घेऊन साधा इअरफोन लावण्याचा मोह अनेकांना होतो, खरं आत चिप नसलेला कन्व्हर्टर काही फोनवर मुकाच राहतो.

नात तोवर काही बोलली नव्हती. तिला विचारलं, काय ऐकतेस?

"मी शास्त्रीय शिकतो काका. तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावून बसतो."

(आमच्याकडे मुलीही 'शिकतो', 'बसतो'च म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना ते चुकल्यासारखं वाटतं, आमच्या कानाला ते घरचं.) तिच्या फोनमध्ये तानपुरा होता आणि कुमार गंधर्व होते. इथल्याच सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला हा माणूस आमच्याकडच्या गाणं शिकणाऱ्या पोरांच्या फोनमध्ये असतोच.

हेडफोन पारखायला तानपुऱ्यासारखी दुसरी कसोटी नाही, असं माझं मत आहे. खोक्यावर २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ असं छापलेलं असतं. ते तीनशेच्या मालावरही असतं आणि तीस हजारांच्या मालावरही, त्यावरून काही ठरत नाही. ओहमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, आकडा मात्र बघावा. फोनला लावायचा असेल तर १६ ते ३२ च्या आसपासचा घ्यावा, नाहीतर आवाज पुरत नाही. त्यापुढचं सगळं कानानंच ठरवायचं. पहिला संच मी मुद्दाम सगळ्यात जास्त खपणारा दिला, भरपूर बेसवाला. तिनं दहा सेकंद ऐकला आणि काढला.

"खर्जाची तार ढोलासारखी वाजालीया. जवारी कुठं गेली?" जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या तारेचा तो झंकार.

दुसरा साधा, काळा, वायरवाला, कानावरून पूर्ण बसणारा, १,१५० रुपयांचा. तो लावल्यावर ती हललीच नाही. डोळे मिटलेले, उजव्या हाताचं बोट काउंटरच्या काचेवर. बऱ्याच वेळानं म्हणाली, "गंधार यालाय." तानपुऱ्याला गंधाराची तार नसते. खर्जाची तार चांगली लागली की तिच्यातूनच तो आपोआप उमटतो, स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. बेसचा ढिगारा घातलेल्या संचात हीच बारीक गोष्ट पहिली गाडली जाते. एवढ्या पैशात ती ऐकू आली, याचा मला स्वतःला इतका आनंद झाला की मीही तो संच मागून घेऊन कानाला लावला.

राहिले आबा.

आबा उद्यमबागेतल्या फौंड्रीत ३१ वर्षं फेटलिंगला होते. ओतून निघालेल्या कास्टिंगवरचा जादा धातू ग्राइंडरनं घासून, छिन्नी-हातोड्यानं ठोकून काढायचा, हे काम. "कानात कापूस घालून जायचो," ते म्हणाले. कापसानं त्या आवाजाला काय होणार?

त्यांच्यासाठी काय घ्यावं याचा मी आधी विचारच केला नव्हता. हलका हेडफोन आणि पाच मीटर वाढीव वायर, झालं, असं धरून चाललो होतो. नातवाचा ब्लूटूथ संच टेबलावर होता, तो सहज भिंतीवरच्या टीव्हीला जोडून त्यांच्या कानावर ठेवला. बातम्या चालू होत्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आवाज मोठा हाय. खरं तोंड आदी हलालंय, बोलणं मागनं यालंय. काय कळंना झालंय."

आवाज मागं पडलेला माणसाला साधारण सव्वाशे मिलिसेकंदांपासून जाणवायला लागतो. त्यामुळे त्यांची तक्रार बरोबरच होती. खरं मला टोचलं ते 'काय कळंना' हे. उशीर झाला तर माणूस वैतागेल, न कळायला काय झालं? शब्द तर तेच होते.

वायरवाला संच आणायला मी वाकलो आणि काउंटरखालूनच विचारलं, "आबा, टीव्हीपासनं किती लांब बसता?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. उभा राहून समोरून विचारलं, तर लगेच, "दहा फूट असंल की."

मग मी एक गोष्ट केली. हेडफोन काढून ठेवला, त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "मी म्हणतो ते म्हणायचं. साठ."

"आठ."

"शंभर."

"अंबर." थोडं थांबून, "अंबर न्हवं काय?"

"सोळा."

"ओळा."

समोर येऊन तेच शब्द म्हटले, तिन्ही बरोबर. तोंडावर हात धरून म्हटले, पुन्हा आठ आणि अंबर. नातीच्या हातातली वायर तशीच राहिली होती.

आवाजानं खराब झालेला कान बहिरा होतो म्हणजे सगळंच हळू ऐकू येतं, असं नाही. आधी वरच्या पट्टीतलं जातं, चार हजार हर्ट्झच्या आसपासचं. अ, ओ, आ हे खालच्या पट्टीत असतात, ते राहतात. स, श यांचा वारा वरच्या पट्टीत असतो, तो जातो. म्हणून असा माणूस म्हणतो, ऐकू येतंय खरं कळत नाही, आणि आवाज वाढवतो. आवाज वाढवून आ मोठा होतो, स परत येत नाही. आबा इतकी वर्षं तो स लोकांच्या ओठांवरून वाचत आले होते, आणि हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. ब्लूटूथनं आवाज मागं ढकलला आणि ओठांचा तो आधारच निघून गेला.

"कोरोनात आबा कुणाशी बोलायचेच नाहीत," नात म्हणाली. "आम्हाला वाटायचं भ्यालेत. सगळ्यांच्या तोंडाला मास्क होता."

कुणीच काही बोललं नाही. पाऊस पत्र्यावर वाजत होता.

त्या दिवशी मी आबांना हेडफोन दिला नाही. मागं एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला, "ऐकू कमी येतंय" म्हटल्यावर, मी दुकानातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा संच दिला होता. तेव्हा मला चांगलं काम केल्यासारखं वाटलं होतं. ते माझ्या मनात आलं. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. रोज चार तास पूर्ण आवाजात टीव्ही कानाला लावला तर जे उरलंय तेही जाईल. आबांना समोर बसवून, तोंड दिसेल असं, हळू सांगितलं, "आधी सिव्हिलला कान दाखवा. तपासणीचा कागद घेऊन या. मग तुमचा हेडफोन बघू."

"म्हंजे मशीन घालायला लावताय व्हय?"

"ते डॉक्टर सांगतील."

"म्हातारा दिसतोय मशीननं."

नात म्हणाली, "आता काय तरणे दिसताय काय आबा?" आणि तेच पहिल्यांदा हसले.

बिल १,७०० झालं. उरलेले तेराशे मी त्यांच्यासमोर मोजून नातीच्या हातात दिले. मालक कोपऱ्यात बसून सगळं बघत होते. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "तो मोठा संच पुढं मांडू नको, मागच्या फळीला ठेव."

तीन आठवड्यांनी नात एकटी आली, पिशवीतून कागद काढला. तपासणीचा आलेख. डावीकडून दोन रेघा जवळजवळ सरळ येतात आणि ४,००० च्या आकड्यापाशी विहिरीत पडल्यासारख्या खाली जातात. दोन्ही कान सारखेच. कानामागं बसणारं मशीन सांगितलं होतं. गरीब घरच्या ज्येष्ठ नागरिकांना केंद्राच्या वयोश्री योजनेत आणि अपंगांसाठीच्या एडिप योजनेत असं मशीन मिळतं, एवढं मला ठाऊक होतं, ते तिला लिहून दिलं. बसतं की नाही ते कार्यालयात विचारायचं होतं. शेवटी पुण्याच्या आत्यानं निम्मे पैसे घातले.

दिवाळीच्या आधी आबा आले. दोन्ही कानांमागं मशीन. आता टीव्हीचा हेडफोन हवा होता, कारण सुनेला झोपायचं असतं आणि यांना रात्री कुस्त्या बघायच्या असतात. मशीनवर हेडफोन लावणं सोपं नसतं. कानामागच्या मशीनचा माइक वरच्या टोकाला असतो. वाटी छोटी असली की तो बाहेर राहतो, आणि वाटी दाबून बसली की मशीन शिट्टी मारतं. तीन संच लावून बघितले. पहिल्या दोघांनी शिट्टी मारली. तिसऱ्याची वाटी खोल होती, कान आणि मशीन दोन्ही आत गेले. थोडा वर सरकवला, शिट्टी थांबली. टीव्हीचा आवाज मी निम्म्यावर ठेवला होता. आबांनी वाढवायला सांगितलं नाही.

संच नऊशेचा, वाढीव वायर अडीचशेची. वायर खालच्या खणात होती. मी वाकून शोधत होतो, पाठ त्यांच्याकडे, आणि तसाच खालून म्हणालो, "आबा, तुमच्यासाठी साठ कमी करतो."

वरून लगेच आलं, "साठ कशाला, शंभर करा की!"