प्रोलॉग गाळू नका

मोन्तेवेर्दीच्या 'ल'ओर्फेओ' या ऑपेराचं रेकॉर्डिंग लावून थेट पहिल्या अंकावर उडी मारायची सवय असेल, तर ऑपेराची किल्लीच हातची जाते. इटलीच्या सुरुवातीच्या ऑपेरांतला प्रोलॉग आपल्या नांदीच्या जागी येतो खरा, पण इथे देवाला नमन नसतं. समोर बसलेल्या राजघराण्याला असतं.

याकोपो पेरीचा 'एउरिदीचे' (फ्लॉरेन्स, 1600) लग्नासाठी रचलेला. तिथे प्रत्यक्ष शोकांतिका, 'ला त्राजेदिया', मंचावर येते आणि आज रक्तपात नाही, असं सांगून टाकते. सात कडवी, सगळ्यांना चाल एकच. छापील प्रतीत स्वरलिपी फक्त पहिल्या कडव्याला दिलीय. बाकीच्यांत रंग गायकानेच भरायचा, नाहीतर तिसऱ्या कडव्यापासून कंटाळा ठरलेला.

मोन्तेवेर्दीने 1607 मध्ये मांतुआत 'ल'ओर्फेओ'साठी हाच साचा घेतला आणि आतून बदलला. इथे 'ला मूझिका', म्हणजे खुद्द संगीत, पाच कडवी गाते. खालचा खर्जाचा पाया जवळजवळ तोच राहतो, वरची सुरावट मात्र दर कडव्याला नवी. पहिल्यांदा ऐकताना गळ्याकडे दुर्लक्ष करून फक्त खालचे सूर धरा, रचना लगेच उलगडते. पहिल्या कडव्यात मांतुआवर राज्य करणाऱ्या गोंझागा घराण्याची स्तुती, दुसऱ्यात 'मी संगीत' ही ओळख, तिसऱ्यात सोन्याची वीणा, चौथ्यात ऑपेराचा नायक, गायक ओर्फेओ. पाचव्यात ती पाखरांना, लाटांना, वाऱ्याला थांबायला सांगते आणि सुरावटीतच विराम पडू लागतात. ते विराम घाईत भरून काढणाऱ्या गायिकेला कडवं कळलेलंच नाही, असं मी समजतो.

कडव्यांमध्ये वाद्यांचा एक तुकडा येतो, रितोर्नेलो. सुरुवातीला आणि शेवटी पूर्ण, मधे आखूड. वेळ वाचवायला तोच कापला, तर नुकसान पुढे कळतं: दुसऱ्या अंकाच्या शेवटी, ओर्फेओची पत्नी एउरिदीचे हिच्या मृत्यूची बातमी आल्यानंतर, तोच परत येतो. पाचव्या अंकाच्या तोंडाशी पुन्हा. कानात आधी बसलेलाच नसेल, तर ओळखणार कसा?

आणखी एक चूक सुरुवातीच्या तोक्कातात, म्हणजे तुताऱ्यांच्या छोट्या सलामीत, होते. पडदा उघडण्याआधी तो तीनदा वाजवायचा. तुताऱ्यांना सोर्दिना (आवाज दबवणारी बुचं) लावल्या तर सगळ्यांनी एक स्वर वर वाजवायचं, अशी सूचना छापील प्रतीतच आहे, कारण त्या काळच्या सोर्दिनेने तुतारीचा सूर चढतो. लिहिलाय 'सी' या आधारस्वरावर, वाजतो एक स्वर वर, 'डी'वर, आणि पुढचा रितोर्नेलोही 'डी'वरच, म्हणून सांधा दिसत नाही. 'सी'तच वाजवला की तिथे धक्का बसतो.

व्हेनिसमध्ये 1637 पासून तिकिटाची थिएटरं आली आणि दरबारी स्तुती मागे पडली. मोन्तेवेर्दीच्याच 'पोप्पेआ'च्या (1643) प्रोलॉगमध्ये नशीब आणि सद्गुण यांचं चक्क भांडण लागतं, आणि प्रेमदेव आमोरे दोघींना गप्प करतो. हा भाग गाळला, की दुसऱ्या अंकात झोपलेल्या पोप्पेआला वाचवायला उतरणारा आमोरे कुठून टपकला, हेच प्रेक्षकाला कळत नाही.